तोंडी परीक्षा, तोंड न उघडता

महाराष्ट्रातल्या मुलांना इंग्रजी बोलता येतं, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे दहावीच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण. ही परीक्षा शाळा घेते, शाळाच तपासते आणि शाळाच गुण बोर्डाला कळवते. परीक्षेत मुलाने तोंड उघडलं होतं का, या किरकोळ तपशिलासाठी तक्त्यात रकाना नसतो.

२०१८-१९ मध्ये शिक्षण खात्याला सचोटीची उबळ आली. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले हे वीस गुण काढून टाकले आणि सगळा भार लेखीवर टाकला. मार्च २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ चा ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचं रूप नवं होतं, हेही खरं. पण आरडाओरडा झाला तो वीस गुणांवरून. सीबीएसई, आयसीएसईची मुलं अंतर्गत गुणांच्या जोरावर अकरावीच्या चांगल्या जागा पटकावणार, ही तक्रार होती आणि ती काही खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी वीस गुण वाजतगाजत परत आले. मार्च २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे मान्य. पण एका भूगोलाने एवढी प्रगती होत असती, तर आपण सगळेच पेपर रद्द केले असते.

या सगळ्या गदारोळात टक्केवारीवर चर्चा झाली, कटऑफवर झाली, राज्य मंडळाच्या अब्रूवर झाली. मुलं बोलतात का, हा प्रश्न कोणालाही सुचला नाही. तो तोंडी प्रश्न होता ना!

*

आता थोडा इतिहास. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्राने २००० साली अमलात आणला. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. मोरे सरांचा हेतू स्वच्छ होता: कॉन्व्हेंटच्या पोरांना मिळतं ते जिल्हा परिषदेच्या पोरांनाही मिळावं. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत. दहा वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या त्यांच्यातल्या अनेकांना आज फोनवर इंग्रजीत आवाज ऐकू आला, की नेटवर्क जातं. घरात, भर दुपारी, मनोऱ्याखाली उभं असताना जातं.

याचं एक कारण साधं आहे. ब्रज कचरू या भाषाभ्यासकाने १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली आणि भारताला मधल्या वर्तुळात बसवलं. म्हणजे इंग्रजी इथे परकी नाही, ती कारभाराची आणि कोर्टकचेरीची दुसरी भाषा आहे. हे वर्तुळ मंत्रालयाभोवती आखलं तर बरोबर आहे. पण ज्या गावात शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथल्या मुलाला ती जपानीइतकीच परदेशी. तिला ‘परदेशी भाषा’ म्हणून शिकवायला हवं. आपण तिला ‘विषय’ म्हणून शिकवतो. आणि विषय पास व्हायचा असतो, बोलायचा नसतो.

दुसरं कारण पाढ्यातलं. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात मुलं साठ. बाईंनी एक अक्षर न बोलता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. त्यात हजेरी, खडू शोधणं आणि ‘सिट डाऊन’ वजा करा. तेव्हा बोलण्याचा सराव वर्गात होणं गणितातच बसत नाही. तो मुलाने स्वतःच, वर्गाबाहेर, कोणी न सांगता करायला हवा.

यालाच शिक्षणशास्त्रातली विद्वान मंडळी स्वयंनियमन म्हणतात. स्वतःचं शिकणं स्वतःच आखायचं, चालवायचं, तपासायचं. परकी भाषा बोलायला शिकणाऱ्याला याची गरज फार, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकून मला गहिवरून आलं. कारण इंग्रजीच्या बाबतीत मराठी माणसाइतका स्वयंनियंत्रित प्राणी पृथ्वीतलावर दुसरा नाही. बाई विचारतात, ‘एनी डाउट्स?’ साठच्या साठ माना एका तालात बाकाकडे वळतात. कवायतीत इतकी शिस्त नसते. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं, की एम.एस्सी. झालेला मुलगा स्वतःविषयी काहीही उघड न करण्याचा निर्धार टिकवून धरतो. विमानात पाणी हवं असतं, पण वाक्य जुळेना म्हणून माणूस मुंबईपासून फ्रँकफर्टपर्यंत तहानलेला बसतो. याहून कडक नियमन कुठल्या प्रबंधात सापडणार?

*

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत बॅरी झिमरमन नावाचे शिक्षणमानसशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतः शिकणारा माणूस काय काय करतो, याचे त्यांनी तीन टप्पे सांगितले. कामाआधी: काय साधायचं ते ठरवणं, कसं साधायचं ते आखणं. काम करताना: लक्ष टिकवणं, आपण कुठवर आलो ते बघत राहणं. कामानंतर: काय जमलं, काय फसलं आणि का, याचा हिशेब मांडणं. तिसऱ्या टप्प्यातून पुन्हा पहिला टप्पा निघतो आणि चक्र चालू राहतं.

आपल्याकडेही तीन टप्पे आहेत. बोलण्याआधी मुहूर्त, बोलताना पोलीस बंदोबस्त आणि बोलून झाल्यावर पश्चात्ताप.

मुहूर्ताचं असं: ‘एकदा ग्रामर पक्कं झालं की बोलायला लागणार’ हे वाक्य महाराष्ट्रात गेली शंभर वर्षं ऐकू येतं. ग्रामर पक्कं करायला आधी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला होत्या, मग रेन अँड मार्टिन आले. यातले रेन साहेब, म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि जगभर त्यांचं नाव आहे ते ‘बो जेस्त’ या १९२४ सालच्या कादंबरीसाठी. फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या शिपायांची साहसकथा आहे ती. साहस साहेबांनी कादंबरीत घातलं आणि कवायत आपल्याला दिली. तीन पिढ्यांनी गाळलेल्या जागा भरल्या, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह केलं आणि शेवटी स्वतःच पॅसिव्ह झाल्या.

बंदोबस्ताचं असं: माणूस सहज बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द सोडतो. त्या वेगात तोंडाच्या नाक्यावर एकेका शब्दाची कागदपत्रं तपासायची म्हटली, की वाहतूक तुंबणारच. आणि आपला पोलीस नुसती तपासणी करत नाही, आधी भाषांतर मागतो. ‘मी काल आंब्याच्या दोन पेट्या घेऊन एसटीने मामाकडे गेलो.’ मराठीत ‘गेलो’ सगळ्यांत शेवटी, इंग्रजीत तो कर्त्याला चिकटून हवा. म्हणजे बोलणाऱ्याने मनात मामाच्या दारापर्यंत जायचं, तिथून ‘गेलो’ उचलायचा, उलट पावली ‘मी’पाशी यायचं, त्याला ‘वेंट’चा पोशाख चढवायचा आणि मग तोंड उघडायचं. तोवर ऐकणारा पुढच्या एसटीने निघून गेलेला असतो.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकी अभ्यासकाने या आतल्या तपासनिसाला ‘मॉनिटर’ असं नाव दिलं. शाळेत मॉनिटर झालेल्या कोणालाही ते लगेच पटेल. वर्गात गोंगाट नको, एवढंच त्याचं ध्येय असतं. क्रॅशन म्हणतो, पाठ केलेल्या नियमांनी बोलणं दुरुस्त करायचं तर तीन गोष्टी हाताशी हव्यात: वेळ, भाषेच्या रूपाकडे लक्ष आणि तो नियम ठाऊक असणं. चालू गप्पांमध्ये पहिल्या दोन मिळत नाहीत. मग आपला विद्यार्थी तिसरीवर सगळी भिस्त टाकतो आणि ‘हॅव बीन’ की ‘हॅड बीन’ हा निवाडा लागेपर्यंत मौन पाळतो. पुढच्याला वाटतं, किती गंभीर मुलगा आहे.

उरला पश्चात्ताप. तो एकट्याने करावा लागत नाही, समाज मदतीला येतो. गावाकडे एखादं वाक्य तोंडून गेलं, की मित्र म्हणतात, ‘लई इंग्रजी झाडायला लागला की रं!’ मुलगी असेल तर ‘मड्डम’ ही पदवी विनापरीक्षा मिळते. शहरात एक काका असतात. आपण कितीही महत्त्वाचं सांगत असू, घर पेटल्याचं सांगत असू, तरी ते आधी ‘ही गो नाही, ही गोज’ करतात आणि मग बादली शोधतात. पुण्यात मराठीसुद्धा असंच दुरुस्त करतात, त्यामुळे तिथे निदान समानता आहे.

१९८६ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकणाऱ्यांची भीती मोजायला तेहतीस विधानांची एक प्रश्नावली केली. वर्गात बोलताना मला खात्री वाटत नाही, माझ्यावर इतर हसतील अशी भीती वाटते, अशा धर्तीची विधानं. जगभर ती वापरली जाते. मराठी आवृत्तीसाठी एक चौतिसावं विधान सुचवतो: ‘मी इंग्रजीत बोलायला उभा राहिलो, की मागच्या बाकावरून कोणीतरी खोकतं.’

*

बंदोबस्त उठवला तर काय होतं, याचा पुरावा आपल्या प्रत्येक लग्नात वरातीच्या मागच्या बाजूला, टेम्पोच्या आडोशाला मिळतो. वर्षभर ‘येस’ आणि ‘नो’वर भागवणारा मावसभाऊ दोन पेगांनंतर अस्खलित होतो. ‘सी, ब्रदर, द थिंग इज...’ इथून सुरू होऊन तो जागतिक अर्थकारणावर जातो.

याला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला डच शिकलेल्या पन्नास जर्मन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना वजनाच्या मानाने थोडं मद्य दिलं (सत्तर किलोच्या पुरुषाला साधारण अर्धा लिटर बिअर), काहींना नुसतं पाणी. मग त्यांना डचमध्ये बोलायला लावलं. कोण काय प्यायलंय हे ठाऊक नसलेल्या डच श्रोत्यांनी प्यायलेल्यांच्या बोलण्याला, विशेषतः उच्चारांना, जास्त गुण दिले. २०१७ मध्ये हा अभ्यास छापून आला, आणि २०२५ मध्ये त्याला शांततेचं इग्नोबेल मिळालं.

यातली खरी गंमत पुढे आहे. बोलणाऱ्यांनी स्वतःला गुण दिले, तेव्हा प्यायलेल्यांना आपण काही फार छान बोललो असं मुळीच वाटलं नव्हतं. म्हणजे ‘चढल्यावर माणसाला आपण शेक्सपिअर आहोत असं वाटतं’ हा आपला लाडका सिद्धांत इथे लागू पडला नाही. डच येत होतीच, नाक्यावरचा पोलीस थोडा पेंगला एवढंच. अभ्यासकांनी बजावलंय, की मात्रा थोडी होती. तेव्हा कोणा संस्थाचालकाने यावरून स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला परमिट रूम जोडू नये. आधीच पुष्कळ वर्ग परमिट रूमच्या वरच्या मजल्यावर भरतात.

*

त्या वर्गांविषयी. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर मूळव्याधीच्या जाहिरातीशेजारी असते. दोन्हीकडे खात्रीशीर, दोन्हीकडे विनाशस्त्रक्रिया. त्याआधीच्या पिढीत रॅपिडेक्सचं पुस्तक होतं, साठ दिवसांचं, जाहिरातीत खुद्द कपिल देव. कुठल्याही सार्वजनिक वाचनालयातलं रॅपिडेक्स उघडून बघा. पहिली वीस पानं हाताळून कळकट, मधली बरी, शेवटची कोरी करकरीत. देशाचा आत्मनियमनाचा आलेख एवढा स्वच्छ दुसरीकडे कुठे काढलेला नाही. आणि १९८३ चा विश्वचषक उचलताना कपिलच्या इंग्रजीतल्या चुका लॉर्ड्सवर कोणी मोजत बसलं नव्हतं, ही खरी शिकवण त्या पुस्तकात कुठेच छापलेली नव्हती.

आता हातात अ‍ॅप आहे. ड्युओलिंगोचं हिरवं घुबड रोज आठवण करतं आणि सलग किती दिवस झाले ते सांगतं. चारशे दिवसांची अखंड परंपरा राखलेले साधक मला ठाऊक आहेत. साखळी तुटू नये म्हणून ते तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतही मोबाइल काढतात. अस्वल दूध पितं, या छापाची वाक्यं ते अचूक जुळवतात. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर अस्वल नसतं, तिथे त्यांची पंचाईत होते. घुबड रागावेल म्हणून रोज शिकणं हे घुबडाचं नियमन झालं. आपलं कुठे?

परदेशी जाणाऱ्यांसाठी आयएलटीएस. तिची बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. मधल्या भागात एक विषय देतात, एक मिनिट विचार करायला मिळतं, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. गुण चार गोष्टींना: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. बघा, व्याकरण हा चारांतला एक भाग. आपल्या क्लासांनी यावर उपाय काढला: उत्तरंच पाठ. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पोरांच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रवास महाबळेश्वरचाच असतो, तिथे पाऊस पडतो आणि ‘लेसन’ मिळतो. परीक्षकांना पाठांतर ओळखायचं शिक्षण दिलेलं असतं. अर्थात एकाच दिवशी महाबळेश्वरला पाचव्यांदा जाऊन आल्यावर ते प्रशिक्षणाशिवायही ओळखता येतं.

*

स्पोकन इंग्लिशचा क्लास मध्येच सोडणाऱ्यांनी खंत करू नये, परंपरा थोर आहे. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी ‘सभ्य इंग्रज’ व्हायचं ठरवलं तेव्हा नाच आणि व्हायोलिनबरोबर वक्तृत्वाचीही शिकवणी लावली. सुरुवातीला एक गिनी मोजली, बेल यांचं ‘स्टँडर्ड एलोक्यूशनिस्ट’ हे पुस्तक घेतलं, पिटच्या भाषणापासून धडे सुरू झाले. थोड्याच दिवसांत सगळं सोडून दिलं. पुढे बॅरिस्टर होऊन मुंबईत आले. स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि फी परत केली. हे सगळं त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय. फी परत करणारा पुढचा क्लास अजून उघडायचा आहे.

पण माझ्या दृष्टीने खरा नायक त्यानंतर येतो. १८९३ मध्ये गांधी प्रिटोरियात. तिथल्या भारतीय लोकांना ते म्हणाले, इंग्रजी शिका, मी फुकट शिकवतो. तिघे तयार झाले: एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार. शिष्यांना सवड नसे, म्हणून गुरूच त्यांच्या दारी जायचा आणि हातातलं काम उरकेपर्यंत थांबून राहायचा. त्यातल्या न्हाव्याने आधीच ठरवून टाकलं होतं, की आपल्याला गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं. बस.

झिमरमन साहेबांचा पहिला टप्पा त्या न्हाव्याने शंभर वर्षं आधी एका वाक्यात उरकला होता. काय हवं, कोणाशी, कशासाठी. त्याला शेक्सपिअर नको होता, पिटचं भाषण नको होतं. कानावरचे केस किती ठेवू, एवढं विचारता आलं की त्याचा दिवस निघत होता. आपल्याकडे कोणालाही विचारा, इंग्रजी किती हवंय? उत्तर येतं: ‘फाडफाड.’ हे ध्येय नाही, हा कापडाच्या दुकानातला आवाज आहे.

दुसरं उदाहरण सिनेमातलं, पण अस्सल पुणेरी. २०१२ चा ‘इंग्लिश विंग्लिश’. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याची, आणि श्रीदेवीने केलेली शशी गोडबोलेही पुण्याची, लाडू करून विकणारी. सगळ्यांना आठवतो तो शेवट, लग्नातलं भाषण. टाळ्यांच्या नादात मधलं सुटतं. ही बाई न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात अपमान गिळते, बसवरच्या जाहिरातीत चार आठवड्यांचा वर्ग बघते, स्वतः फोन करते, स्वतः वाट शोधते, रात्री घरी इंग्रजी सिनेमे बघत सराव करते. शेवटची परीक्षा चुकते ती लाडू सांडल्यामुळे, पुन्हा वळायला बसावं लागतं म्हणून. मग ती परीक्षा लग्नाच्या मांडवात देते. तिच्या वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, मेक्सिकन दाई आहे, तमिळ सॉफ्टवेअरवाला आहे, फ्रेंच आचारी आहे. सगळे चुकतात, सगळे बोलतात, आणि चुकीबद्दल कोणी कोणाला सोलत नाही. आपल्यासारख्याच माणसाला जमताना पाहिलं की आपल्यालाही जमेल असं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी प्रबंधातून सांगितलं. शशीला ते टॅक्सीवाल्याकडून कळलं. घरी तिच्या ‘जॅझ’च्या उच्चारावर हसायला पोटची मुलगी होती, परक्या देशात वर्गातल्या परक्यांनी हसू दिलं नाही. विरोधाभास वगैरे शब्द इथे वापरायला हवा, पण मराठी घरांत याला नेहमीचं म्हणतात.

*

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘स्वयंनियमन’ हा शब्द सरकारी परिपत्रकात दिसला की खिसा सांभाळा. उद्योगांचं स्वयंनियमन म्हणजे सरकार तपासायला येणार नाही. विद्यार्थ्यांचं स्वयंनियमन म्हणजे सरकार शिकवायला येणार नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. साठ मुलांचा वर्ग तसाच, बाईंच्या माथी निवडणूक, जनगणना आणि खिचडीचा हिशेब तसाच, आणि बोलता आलं नाही तर दोष पोराच्या नियमनाचा! स्वतः शिकणारं मूल तयार व्हायला आधी त्याला हे कसं करायचं ते दाखवणारं कोणीतरी लागतं, आणि चुकण्याची मोकळीक असलेली एक जागा लागते. ती जागा शाळेने द्यायची. उरलेलं मूल बघून घेईल.

आणि ते ‘उरलेलं’ फार अवघड नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेली एक युक्ती आहे, चार-तीन-दोन. एकच विषय एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तोच तिसऱ्याला दोन मिनिटांत. विषय तोच असल्याने काय बोलू ही चिंता पहिल्या फेरीत संपते, ऐकणारा नवा असल्याने सांगण्यात जीव राहतो, आणि वेळ आटत गेल्याने मॉनिटरला हजेरी घ्यायला फुरसत मिळत नाही. साठ मुलांच्या वर्गात तीस जोड्या एकदम बोलू शकतात. पस्तीस सेकंदांचं गणित तिथेच मोडतं. गोंगाट होईल, मुख्याध्यापक डोकावतील. त्यांना इंग्रजीत कारण विचारू द्या, ते परत जातील.

घरी एकट्याने करायचं तर मोबाइल आहेच. दोन मिनिटं बोलायचं, रेकॉर्ड करायचं, ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं हा पहिल्या दिवशी छळ असतो, चौथ्या दिवशी सवय होते. एका आठवड्याला एकच चूक धरायची. या आठवड्यात ‘ही’ आणि ‘शी’ची गल्लत, बाकी सगळं माफ. श्रोता हवा असेल तर गोठ्यात जा, म्हैस व्याकरण काढत नाही. आणि बोलताना शब्द अडला तर थांबायचं नाही, वळसा घालायचा. गाळणीला काय म्हणतात आठवेना? ‘द थिंग विथ होल्स, फॉर टी.’ चहा गाळून मिळतो. बोलतानाचं नियमन असलंच तर ते हे: वाक्य शेवटाला न्यायचं. तपासणी आधी करा, नंतर करा, हवी तितकी कडक करा. चालू वाक्यात पोलिसाला सुट्टी द्या.

राहिले ते दुरुस्ती करणारे काका, खोकणारा मागचा बाक आणि ‘मड्डम’ म्हणणारी आळी. यांना आवर घालायला कुठलंही शास्त्र नाही, पण एक रामबाण उपाय आहे. आपण अडलो आणि ते हसले, की हसू ओसरेपर्यंत शांत उभं राहायचं आणि अदबीने म्हणायचं: ‘बरं, पुढचं वाक्य तुम्ही बोला.’